इंजिन खोलण्याआधी प्लग काढून बघा: चार वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक स्कूटरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: घरातली जुनी १५० सीसी, टू-स्ट्रोक, गिअरची स्कूटर चार वर्षं उभी होती. आता नवा प्लग टाकला, टाकीतलं पेट्रोल बदललं, कार्बोरेटर धुऊन घेतला, तरी सुरू होत नाही. पन्नास किका मारल्या की एखादी ‘फट्’ करते, बाकी काही नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

लगेच नको. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी बदलल्याचं लिहिलं आहे, पण एकही गोष्ट तपासल्याचं लिहिलेलं नाही. प्लग बदलला, पण त्याला ठिणगी येते का? पेट्रोल बदललं, पण ते सिलिंडरपर्यंत पोचतं का? पार्ट बदलत गेलात तर स्कूटर कधीतरी सुरू होईलही, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच याल.

स्कूटरचं मॉडेल तुम्ही दिलेलं नाही. हँडलवर गिअर आणि टू-स्ट्रोक म्हणजे व्हेस्पाच्या घडणीची, बजाज चेतक किंवा तिच्या भावंडांपैकी एखादी, असं धरून लिहितो. यातही दोन प्रकार आहेत. जुन्यांमध्ये मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) आत पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टिकल्या, आणि त्या जळू नयेत म्हणून कंडेन्सर असतो, नंतरच्यांमध्ये पॉइंट जाऊन सीडीआय, म्हणजे तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, आलं. बाकी बहुतेक तपासणी दोन्हींची सारखीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती तुम्हालाच माहीत असणार. चार वर्षांपूर्वी स्कूटर चालवत आणून उभी केली होती, की चालताना बंद पडली म्हणून उभी राहिली? चांगली चालत असताना उभी केली असेल तर इंजिन खोलायचं कारण मला तरी दिसत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग उभ्या जागी झिजत नाहीत. उभ्या गाडीत बिघडतं ते वेगळंच: पेट्रोल आटून चिकट होतं, पॉइंटवर थर चढतो, रबर कडक होतं, दमट हवेने लोखंड गंजतं, आणि उंदीर नि कुंभारमाशा आपापली घरं बांधतात. मात्र चढावर ओढ कमी होत-होत किंवा ‘कर्र’ करून अचानक बंद पडलेली असेल तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असू शकतं. तरी खालची तपासणी अर्ध्या-पाऊण तासात होते, ती करून मगच पाना लावू द्या.

किक मारण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. ज्यांनी अजून किक मारलेलीच नाही त्यांनी आधी प्लग काढून भोकातून १०-१५ मिली टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतो तेच टू-स्ट्रोकचं ऑइल) सोडावं, रात्रभर तसंच ठेवावं, मग वरच्या गिअरमध्ये टाकून स्कूटर हळूच पुढेमागे ढकलावी. पिस्टन चिकटला असेल तर असाच सुटतो. किकवर उभं राहून जोर लावला तर रिंग तुटते किंवा किकचे दाते जातात. तुमचा पिस्टन मोकळा आहे हे उघड आहे. पण पन्नास किकांत आत गेलेल्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं गेलं असणार, म्हणून तुम्हीही चमचाभर, ५ मिलीच्या आसपास, ऑइल सोडा. जास्त नको, नाहीतर नवा प्लग लगेच तेलकट होईल.

दुसरं म्हणजे किकबरोबर इंजिन खरंच फिरतं का ते बघा. या स्कूटरमध्ये किकचा जोर क्लचमधून क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, पोचतो. क्लच सरकत असेल, किंवा केबल इतकी ताणलेली असेल की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, तर किक खाली जाते पण इंजिन पुरतं फिरत नाही. फॅनच्या जाळीतून बघत दुसऱ्याला किक मारायला सांगा. फॅन झटक्यात दोन-तीन फेरे घ्यायला हवा. तो नुसता थरथरत असेल तर आधी केबल सैल करा. लिव्हरला दोनेक मिलिमीटर मोकळा खेळ हवाच.

आता मुख्य तपासणी. पेट्रोल कॉक उघडा, चोक ओढा, रेस अजिबात न देता आठ-दहा किका मारा आणि लगेच प्लग काढा. रेस न देणं इथे महत्त्वाचं आहे. या कार्बोरेटरमधला चोक म्हणजे हवेची वाट बंद करणारी झडप नाही, जास्तीचं पेट्रोल देणारी वेगळी वाट आहे. ती चालते थ्रॉटल बंद असताना इंजिन जी ओढ लावतं तिच्यावर. चोक ओढून वर रेस पिळली की ती ओढच नाहीशी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. ‘चोक देऊनही उठत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

प्लग हातात आला की एकच गोष्ट बघायची: टोक ओलं आहे की कोरडं. वास घ्या, बोट लावून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचत नाही, आणि पॉइंट, कॉइल वगैरेंना सध्या हात लावायचं कारण नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे कार्बोरेटर पुन्हा धुऊन काही मिळणार नाही.

कोरडा निघाला तर खात्रीसाठी एक छोटा प्रयोग करा. प्लगच्या भोकातून सिरिंजने २-३ मिली ताजं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल सोडा. सांडलेलं पुसा, प्लग घट्ट बसवा, कॅप लावा आणि मगच किक मारा. प्लग उघडा लटकत असताना आणि भोकाशी पेट्रोल असताना किक मारायची नाही, तिथे ठिणगी पडली की भडका उडतो. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं तर फारच चांगलं झालं: ठिणगी, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिन्ही कामापुरतं ठीक आहे हे एकाच किकमध्ये कळलं. आता फक्त टाकी ते कार्बोरेटर एवढाच रस्ता उरला.

तो रस्ता वरून खाली तपासायचा. पेट्रोलची नळी कार्बोरेटरच्या टोकाला सोडवा, खाली बाटली धरा, कॉक उघडा. अखंड धार यायला हवी, अर्ध्या मिनिटात साधारण शंभर मिली. थेंब-थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. धार वाढली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे, टाचणीने मोकळं होतं. या दोषाची आणखी एक खूण म्हणजे गाडी सुरू होते, थोडी चालते आणि बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकच्या टाकीतल्या जाळीवर गंजाचा चिखल बसला आहे, किंवा नळी कुठेतरी मुडपली आहे. नवी नळी घातली असेल तर तिची लांबी बघा. नळी लांब राहिली की वर उचलून पुन्हा खाली येते, त्या उंचवट्यात हवा अडकते. नळीला टाकीपासून सतत उतार हवा.

‘टाकीतलं पेट्रोल बदललं’ हे पुरेसं आहे का, तेही विचारून घेतो. टॉर्च लावून आत बघा. तळाशी तपकिरी पावडर असेल तर तुम्ही धुतलेला कार्बोरेटर दोन दिवसांत पुन्हा भरेल. टाकी काढून मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा आत टाकून हलवा, मग धुवा. गंज जाड असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, पूर्ण वाळवा, आणि वाळल्या-वाळल्या थोडं ऑइल आत फिरवा. ओली टाकी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल होते.

आता कार्बोरेटर. ‘धुऊन घेतला’ म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून पेट्रोलने पुसला आणि फ्लोटची, म्हणजे पेट्रोल साठतं ती, वाटी साफ केली, एवढंच झालेलं असतं. खरा अडथळा असतो स्लो जेटमध्ये. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी स्क्रू. एअर फिल्टरचे दोन स्क्रू काढून तो बाजूला केला की खाली दोन पितळी डोकी दिसतात. मोठं मेन जेटच्या नळीचं, लहान स्लो जेटचं. जेटवर आकडा कोरलेला असतो आणि तो बहुधा मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो. स्लो जेटचं पेट्रोलचं भोक ०.४५ ते ०.५० मिलिमीटरच्या आसपास, मेन जेटचं त्याच्या दुप्पट. चार वर्षांत आटलेल्या पेट्रोलचा मधासारखा थर मेन जेट अर्धवट बुजवतो, स्लो जेट मात्र पूर्ण बंद करतो. आणि सुरू होताना नि आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) गाडी मेन जेटवर नव्हे, स्लो जेटवर असते. जेट काढा, उजेडाकडे धरा. आरपार स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधूक दिसला तर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने किंवा नायलॉनच्या केसाने मोकळं करा. सुई, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की ते जेट गेलं. जेट बाहेर असतानाच त्याच्या जागेतून आणि चोकच्या वाटेतून हवा मारा.

दोन बारीक जागा हमखास राहून जातात. पेट्रोलची नळी कार्बोरेटरला मिळते तिथे बोल्टाखाली एक छोटी जाळी असते, ती काढून बघा. आणि फ्लोटवरची सुई जागेत चिकटून बसलेली असते, कधी बंद स्थितीत, कधी उघड्या. बंद चिकटली तर प्लग कोरडा, उघडी चिकटली तर ओव्हरफ्लो. बसवताना कार्बोरेटरचे दोन लांब नट जीव खाऊन आवळू नका. खालची सपाट बाजू वाकते, तिथून हवा खेचली जाते, वर थ्रॉटलची सरकपट्टीही अडकते. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत फिरवून दीड ते दोन फेरे बाहेर काढून ठेवा, सुरू होण्यापुरतं ते ठीक आहे.

जाता-जाता, ‘स्कूटर आडवी करून सुरू करा’ या सल्ल्याबद्दल. तो खुळचट नाही. आडवी केली की वाटीतलं पेट्रोल उसळून सरळ इंजिनच्या वाटेत सांडतं, म्हणजे तुम्ही सिरिंजने जे केलंत तेच. पण आडवी केल्यावरच सुरू होत असेल तर स्लो जेट किंवा चोकची वाट अर्धवट बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती साफ केली की रोजचा व्यायाम बंद.

आता प्लग ओला निघाला तर. तुमच्या ‘कधीतरी फट्’ वरून मला हीच शक्यता जास्त वाटते. आत साठलेला भार, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, कधीतरी, चुकीच्या वेळी पेटतोय.

आधी इग्निशन बंद करा, कॉक बंद करा, प्लग बाहेर काढा, रेस पूर्ण पिळून १५-२० किका मारा, म्हणजे साठलेलं पेट्रोल बाहेर फेकलं जाईल. भोकावर फडकं धरा. मग दहा मिनिटं थांबा, सांडलेलं उडून जाऊ द्या. प्लग पुसून कोरडा करा, कॅपमध्ये खोचा, त्याचा धातूचा भाग हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) रंग नसलेल्या जागी, भोकापासून शक्य तितका लांब, घट्ट टेकवा. सावलीत बघा. इग्निशन चालू करून किक मारा. निळसर-पांढरी, ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी हवी. लालसर, केसासारखी, एका किकला येते नि दुसरीला नाही, अशी असेल तर ती नसल्यातच जमा.

इथे एक फसगत होते. उघड्यावर प्लगला ठिणगी दिसली म्हणजे आतही पडते असं नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पॉइंटवाल्या स्कूटरमध्ये माझा भरवसा दुसऱ्या चाचणीवर: प्लगची कॅप काढून वायरचं टोक हेडपासून ५-६ मिलिमीटरवर धरायचं, सुके लाकडी चिमटे किंवा चांगल्या आवरणाची पक्कड वापरून, हाताने नाही. तेवढं अंतर ठिणगीने दर किकला उडी मारून पार केलं तर ती आतही पडेल. सीडीआयच्या गाडीत वायर अशी उघडी सोडून किका मारत बसू नका, युनिटला धोका असतो. तिथे प्लग लावूनच बघा.

ठिणगी नसेल किंवा अशक्त असेल तर पार्ट विकत घेण्याआधी फुकटात होणाऱ्या तीन गोष्टी करा. पहिली, प्लगची कॅप पिळून काढा, वायरचं टोक ५ मिलिमीटर कापा, ताजं चकचकीत तांबं दिसू द्या, कॅप पुन्हा पिळून बसवा. जुन्या वायरचं टोक आत हिरवं पडलेलं असतं. दुसरी, प्लगमधलं अंतर ०.५ ते ०.६ मिलिमीटर आहे का ते फिलर गेजने मोजा. प्लग नवा आहे म्हणून तो चांगलाच आहे असं धरू नका, नवा प्लगही सदोष निघतो. जुना फेकून दिला नसेल तर तोही लावून बघा.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना सुचत नाही. या मॅग्नेटच्या इग्निशनमध्ये चावी बंद केल्यावर वीज तुटत नाही, ती एका वायरने बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी मरते. ती वायर उंदराने कुरतडून बॉडीला टेकली असेल, किंवा चावीच्या कुलपात ओल आणि गंज असेल, तर स्कूटर स्वतःला कायमची बंदच समजते. इंजिनजवळच्या छोट्या जंक्शन डब्यात ती वायर, बहुधा हिरवी, सोडवा, टोकाला टेप लावा आणि ठिणगी बघा. आली तर दोष कुलपात किंवा वायरिंगमध्ये आहे आणि मॅग्नेट उघडायची गरजच नाही. मात्र या स्थितीत इंजिन सुरू झालं तर चावीने बंद होणार नाही, तीच वायर बॉडीला टेकवून बंद करा. बॅटरीवर चालणारं इग्निशन असलेल्या फार जुन्या मॉडेलमध्ये जोडणी उलटी असते, तिथे हा प्रयोग लागू नाही.

यानंतर पॉइंट. फॅनचं कव्हर काढा, मॅग्नेटवरची छोटी झाकणी काढा, तिच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. मॅग्नेट उतरवावा लागत नाही. चार वर्षांत दोन्ही टिकल्यांवर राखाडी थर चढलेला असतो. डोळ्यांना तो काहीच वाटत नाही, पण वीज अडवायला पुरतो. मॅग्नेट हाताने फिरवून पॉइंट बंद स्थितीत आणा. ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी दुमडून टिकल्यांच्या मध्ये सरकवा आणि पाच-सहा वेळा ओढा. मग जाड कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून तशीच ओढा. पहिल्या पट्टीवर काळी रेघ उमटेल, दुसरीवर फिकट. रेघ उमटायची थांबेपर्यंत पट्ट्या बदला. शेवटी कोरडी पट्टी. बोट लावू नका, बोटाचं तेलही थर धरतं. पॉलिश पेपरचा चुरा आत राहिला तर साफ न केल्यासारखंच होतं, म्हणून कागदाच्या पट्ट्यांचा कंटाळा करू नका.

आता मॅग्नेट फिरवत टिकल्या जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा आणि फिलर गेजची ०.४ मिलिमीटरची पट्टी घाला. हलका अडसर लागत जायला हवी. स्क्रू आवळताना अंतर हमखास हलतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुसणारा नमद्याचा तुकडा वाळलेला असेल तर त्याला ऑइलचा एकच थेंब. तो कोरडा राहिला की पॉइंटची टाच झिजते, अंतर कमी होत जातं आणि पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीही उशिरा. टिकल्या निळ्या-काळ्या जळालेल्या किंवा एकीवर खड्डा नि दुसरीवर उंचवटा असेल तर कंडेन्सरचा संशय घ्या. तो साध्या मीटरवर नीट कळत नाही, आणि गरम झाल्यावरच दगा देणारेही असतात. स्वस्त भाग आहे, बदलून टाका, पॉइंटसकट. एवढं करूनही ठिणगी नाही, तर मगच एचटी कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी) आणि मॅग्नेटच्या आतली कॉइल, त्याच क्रमाने.

सीडीआयच्या गाडीत आधी युनिटचे बोल्ट काढून बॉडीकडची जागा नि अर्थची वायर घासून स्वच्छ करा. गंजलेल्या अर्थमुळे ठिणगी गेलेली असते आणि दोष चांगल्या युनिटला जातो. मग मॅग्नेटमधून येणाऱ्या वायरी बघा. जुन्या स्टेटरच्या (मॅग्नेटच्या आतल्या कॉइलच्या प्लेटच्या) वायरींचं आवरण कडक होऊन तुकड्या-तुकड्याने गळतं. युनिट बदलणं सगळ्यात शेवटी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या चालू स्कूटरचं लावून बघून मगच.

प्लग ओला, ठिणगीही जोरदार, तरी उठत नाही, असं असेल तर तीन कारणं उरतात.

एक, टायमिंग. मॅग्नेट क्रँकवर अर्धचंद्राच्या आकाराच्या छोट्या लोखंडी चावीने जागेवर धरलेला असतो. नट ढिला राहिला की ती चावी चिरडते आणि मॅग्नेट थोडा फिरून बसतो. ठिणगी येते, पण भलत्या वेळी. किक पायाला उलटा झटका देते का? कार्बोरेटरमधून फुसकारा परत येतो का? सायलेन्सरमधून मोठा बार होतो का? यातलं काही असेल, आणि पॉइंट नीट असतील, तर मॅग्नेट उतरवून ती चावी बघायलाच हवी. उतरवायला पुलर वापरा. हातोडीने ठोकलं की क्रँकचं टोक बिघडतं आणि दोन रुपयांचं काम दोन हजारांचं होतं.

दोन, सायलेन्सर. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून काजळी आणि तेलाने भरतो, त्यात चार वर्षांत कुंभारमाशीने टोकात माती भरली तर विचारायलाच नको. जळालेला वायू बाहेर पडला नाही तर नवा भार आत येऊ शकत नाही. शेपटाशी तळहात धरून दुसऱ्याला किक मारायला सांगा, दर किकला स्पष्ट फुंकर जाणवली पाहिजे. शंका असेल तर सिलिंडरकडचा नट सोडून सायलेन्सर थोडा खाली करून किक मारा. आवाज कानठळ्या बसवणारा असेल, पण सुरू झाली तर उत्तर मिळालं.

तीन, कॉम्प्रेशन. मेकॅनिकने ‘इंजिन खोला’ म्हणताना हे मोजलं होतं का, ते विचारा. प्लगच्या जागी गेज लावा, रेस पूर्ण पिळा, काटा वाढायचा थांबेपर्यंत सहा-सात किका मारा. १०० पीएसआय किंवा वर असेल तर कॉम्प्रेशनचा दोष नाही. ८० च्या खाली असेल तर चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा बराच चढला तर रिंगा चिकटल्या किंवा झिजल्या आहेत. न चढला तर आधी हेडचे नट आणि प्लगचा वॉशर तपासा, हवा तिथूनही जाते. गेज नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला किक मारायला सांगा, इग्निशन बंद ठेवून. अंगठा आपसूक उडवला जायला हवा. ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यावरून इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नये.

तर तुमच्यासाठी क्रम असा: फॅन फिरतो का, मग प्लग ओला की कोरडा. कोरडा तर सिरिंज, झाकण, धार, जाळी, स्लो जेट. ओला तर वाळवणं, कॅप, ती बंद करणारी वायर, पॉइंट. त्यानंतर मॅग्नेटची चावी, सायलेन्सर, कॉम्प्रेशन. पॉइंटची स्कूटर चांगल्या स्थितीत उभी केलेली असेल तर माझी पैज पॉइंटवरच्या थरावर, आणि त्याखालोखाल स्लो जेटवर.

सुरू झाली की लगेच फिरायला निघू नका. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला २० मिली आहे ना याची खात्री करा, पेट्रोल बदलताना हेच विसरलं जातं. गिअर ऑइलच्या लेव्हलचा बोल्ट काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ होऊन भसाभस बाहेर आलं तर ते बदला. या स्कूटरमध्ये ते बहुधा २५० मिलीच्या आसपास मावतं.

पहिली पाच मिनिटं धूर भरपूर येईल, तुम्हीच आत ऑइल सोडलं आहे. पण पंधरा-वीस मिनिटांनंतरही दाट पांढरा धूर, जळक्या गिअर ऑइलचा वास आणि लेव्हल खाली जात असेल तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील वाळून गेलं आहे. उलट, रेस सोडल्यावरही इंजिन चढतच राहिलं, आपोआप जोरात पळू लागलं, तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या बुडातून हवा खेचली जाते आहे. सील बदलायला इंजिन उतरवावं लागतं, त्यातही क्लचच्या बाजूचं बहुतेक वेळा इंजिनचं धातूचं आवरण उघडूनच बदलता येतं. मॅग्नेट उतरवलेलाच असेल तर त्या बाजूचं सील तिथूनच बदलता येतं का, ते आधी विचारा. इंजिन असं सुटलं तर चोक ओढा, आणि तरीही थांबलं नाही तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाका नि क्लच सोडा, म्हणजे गुदमरून बंद पडेल. नुसता कॉक बंद करून वाट बघू नका. वाटीतलं पेट्रोल संपत येताना मिश्रण आणखी कोरडं होतं, वेग आणखी वाढतो, आणि तेवढ्या वेळात पिस्टन पकडू शकतो.